सर्व्हर रूममध्ये माणसं बसतात, मग आग विझवायला गॅस कुठला लावायचा?

कृष्णाकाठ_सांगली:

नमस्कार मंडळी. सांगलीत एका नागरी सहकारी बँकेत आयटीचं काम बघतो. २०१९ च्या पुरानंतर सर्व्हर रूम तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर हलवली, आता पाण्याची भीती गेली पण आगीचं काहीच केलेलं नाही, भिंतीवर दोन बाटले लटकवलेत तेवढेच. यंदा मंडळानं बजेट मंजूर केलंय म्हणून कोटेशनं मागवली आणि आता माझंच डोकं चालेना झालंय.

खोली २० बाय १५ फूट, उंची १० फूट, फॉल्स सीलिंगच्या वरची आणि रेझ्ड फ्लोअरच्या खालची जागा यात धरलीय. एका बाजूला काचेचं पार्टिशन. खरी अडचण अशी की खोलीत माणसं बसतात. डे-एंडला दोन पोरं आतच असतात, रात्री अकरा-साडेअकरापर्यंत, आणि मार्च एंडिंगला तर पहाटसुद्धा होते. शेजारी यूपीएसची खोली, तिथं नुकत्याच लिथियम बॅटऱ्या बसवल्यात. पलीकडं रेकॉर्ड रूम, त्यात कर्जाच्या फायली आणि गहाणखतं.

चार जणांनी चार गोष्टी दिल्यात. एक म्हणतो सीओटू फ्लडिंग करा, म्हणजे आग लागली की आख्खी खोलीच गॅसनं भरायची, सगळ्यात स्वस्त. दुसरा एफएम-२००, तिसरा नोव्हेक १२३०, आणि चौथा म्हणतो पाइप-सिलिंडरची भानगडच नको, एरोसोलचे डबे भिंतीला मारून देतो. आता आमचे एक ज्येष्ठ संचालक विचारतात की सीओटूचे बाटले कॉरिडॉरमध्ये आहेतच की, सगळ्या ऑफिसांत असतात, मग तोच गॅस खोलीत भरला तर काय बिघडलं, जास्तीचे पैसे कशाला घालवायचे. माणूस चांगला आहे, ठेवीदारांचा पैसा जपून वापरा एवढंच त्यांचं म्हणणं, पण 'धोकादायक असतं साहेब' एवढ्यावर ते ऐकणार नाहीत, आकडे दाखवावे लागतील. आणि रात्रपाळीची पोरं मला विचारतात की तो एफएम सुटला आणि आम्ही आत असलो तर गुदमरून मरणार का? त्यांना काय सांगू?

---

पाइपवाला_पुणे:

दादा, तुमच्या संचालकांचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर हिशोबातच आहे, तर हिशोबच करू.

तुमची खोली ३००० घनफूट म्हणजे ८५ घनमीटर. कॉरिडॉरमधला साडेचार किलोचा सीओटूचा बाटला आख्खा या खोलीत रिकामा केला तरी हवेत सीओटू होतो साधारण ३ टक्के. श्वास वाढेल, डोकं जड होईल, पण माणूस आपल्या पायानं बाहेर येईल. फ्लडिंगचं गणितच वेगळं. सीओटूनं खोली भरायची तर कुठल्याही आगीला किमान ३४ टक्के लागतात आणि विजेच्या उपकरणांसाठी ५० टक्के धरतात, म्हणजे तुमच्या खोलीत एका दमात ११० किलोच्या वर गॅस येणार. आणि माणसाचं काय, तर १० टक्क्यांच्या पुढं काही मिनिटांत शुद्ध हरपते, ३० च्या पुढं मिनिटभरही लागत नाही. म्हणजे आग विझायच्या कितीतरी आधी माणूस पडलेला असतो. लोकांना वाटतं सीओटू फक्त ऑक्सिजन हटवतो, तसं नाही, तो रक्तात जाऊन स्वतःच विषासारखं काम करतो, त्यामुळं ऑक्सिजन थोडाफार शिल्लक असला तरी उपयोग नसतो. म्हणूनच अमेरिकेतलं एनएफपीए १२ हे मानक नेहमी माणसं असणाऱ्या खोलीत नवीन सीओटू फ्लडिंग लावू देत नाही. ट्रान्सफॉर्मरची बंद खोली, जिथं कुणी जातच नाही तिथं सीओटू उत्तम आहे, स्वस्तही आहे. तुमच्या खोलीत नाही. मंडळाला हे एवढंच सांगा.

आता पोरांचा प्रश्न. एफएम-२०० म्हणजे एचएफसी-२२७ईए, हा ७ ते ८ टक्क्यांवर आग विझवतो, तो मुख्यतः ज्वाळेतली उष्णता ओढून घेतो, ऑक्सिजन हटवून नाही. ८ टक्के गॅस भरला तरी ऑक्सिजन २१ वरून १९ च्या आसपास राहतो, त्यानं कुणी गुदमरत नाही. भीती असते ती हृदयाचे ठोके बिघडण्याची, त्याच्या चाचण्या कुत्र्यांना ॲड्रेनलिन टोचून घेतल्यात, घाबरलेल्या माणसाच्या अंगात जसं असतं तसं, आणि ९ टक्क्यांपर्यंत काही परिणाम दिसला नाही, साडेदहाला दिसायला लागला. म्हणजे ८ आणि ९, फरक आहे पण फार मोठा नाही. नोव्हेक म्हणजे एफके-५-१-१२, तो साडेचार ते सहा टक्क्यांत काम करतो आणि त्याची सुरक्षित मर्यादा १०, तिथं हातात जास्त अंतर राहतं. माणसं आत बसतात म्हणून माझा कल त्याच्याकडं.

पण पोरांना असं सांगू नका की गॅस सुटला तरी बसून राहिलं तर चालतं. हे दोन्ही गॅस खऱ्या ज्वाळेवर पडले की थोडे फुटतात आणि हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, तो नाकाडोळ्यांना झोंबतो आणि फुप्फुसाला वाईट. आग जितकी मोठी झाल्यावर गॅस सुटेल तितका हा जास्त. म्हणून हवा ओढून तपासणारा लवकर चेतावणी देणारा डिटेक्टर लावा, आग टीचभर असताना कळलं पाहिजे. हॉर्न वाजला की बाहेर, एवढंच त्यांच्या डोक्यात बसवा.

हिशोबासाठी: एफएम ७.९ टक्क्यांना घनमीटरला ०.६३ किलो लागतो, तुम्हाला ५४ किलोच्या आसपास. एफके ५.३ टक्क्यांना ६६ किलोच्या आसपास. कोटेशनमध्ये यापेक्षा खूप कमी आकडा दिसला तर विचारा हवेत गॅसची किती टक्केवारी धरली, सीलिंगच्या वरची आणि फ्लोअरच्या खालची जागा मोजली का, कारण तिथं वेगळे नोझल लागतात आणि स्वस्त कोटेशनात तेच गाळलेलं असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणीच विचारत नाही. गॅस खोलीत थांबला पाहिजे. दहा सेकंदांत सुटतो पण किमान दहा मिनिटं टिकायला हवा, नाहीतर गरम तार पुन्हा पेट घेते. एफएमची वाफ हवेच्या सहापट जड आणि एफकेची अकरापट, ती पाण्यासारखी खाली बसते आणि दाराखालच्या फटीतून, केबलच्या भोकांतून निघून जाते. मी रॅकच्या मागं बघितलेलं सांगतो, केबल ट्रेसाठी भिंत फोडलेली, वीतभर भोक थेट शेजारच्या खोलीत उघडं, आणि त्यात थर्माकोल कोंबून वरून पीओपी मारलेलं. लांबून भिंत दिसते, हात लावला की वारा येतो. तुमची यूपीएस रूम शेजारीच आहे म्हणता तर तिथं असं भोक असणारच. डोअर फॅन टेस्ट करून घ्या. दारात पंखा बसवून खोलीत दाब तयार करतात आणि किती हवा गळते त्यावरून गॅस किती मिनिटं टिकेल ते काढतात. गॅस न सोडता कळतं.

---

दर्यावर्दी:

मर्चंट नेव्हीत इंजिन साइडला आहे, घर रत्नागिरी. सीओटूबद्दल थोडं लिहितो कारण आम्ही त्याच्या शेजारीच राहतो.

जहाजाच्या इंजिन रूमला आजही बहुतेक ठिकाणी सीओटूच असतो आणि आगीत तो जहाज वाचवतो, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण तो सोडायची पद्धत बघा. रिलीज कॅबिनेटचं दार उघडलं की त्याच क्षणी खाली सायरन सुरू होतो. पंखे बंद, डँपर बंद, इंधनाचे व्हॉल्व्ह बंद. मग मस्टर स्टेशनला सगळी माणसं मोजायची, नावानिशी, एकसुद्धा कमी असेल तर हँडलला हात लागत नाही. माणसं पुरी झाली की कॅप्टनच्या हुकमानं सोडायचा, आणि दोन मिनिटांत ८५ टक्के गॅस आत गेलाच पाहिजे असा सोलास या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम. त्यानंतर तासन् तास दार उघडायचं नाही. हे सगळं आम्ही ड्रिलमध्ये पुन्हा पुन्हा करतो आणि तरीही दुनियेत दर थोड्या वर्षांनी कुठल्या तरी जहाजावर देखभालीच्या वेळी गॅस सुटून माणसं गेल्याची बातमी येतेच. बँकेत मस्टर कोण घेणार? रात्री साडेअकराला एक पोरगा चहाला खाली गेलाय की टॉयलेटला हे कुणाला माहीत असतं?

आणि नुसतं 'सीओटू नाही ना, मग ठीक' असंही समजू नका. ८ नोव्हेंबर २००८ ला जपानच्या समुद्रात रशियाची नेर्पा पाणबुडी चाचणीवर होती, आत दोनशेच्या वर माणसं, नेहमीच्या खलाशांच्या जवळपास तिप्पट, त्यात बरेच गोदीतले कामगार. आग नसताना हॅलॉनच्या जातीचा आग विझवायचा गॅस सुटला आणि २० जण गेले. गॅसमध्ये दुसऱ्याच विषारी रसायनाची भेसळ असल्याचं तपासात पुढं आलं. हीच पाणबुडी पुढं २०१२ मध्ये आपल्या नौदलात आयएनएस चक्र म्हणून आली. म्हणून सिलिंडरमध्ये नेमकं काय भरलंय त्याचं सर्टिफिकेट बॅच नंबरसकट मागा, त्यात संकोच करू नका.

---

कृष्णाकाठ_सांगली:

खूप आभार दोघांचे. पाइपवाला दादा, तुमचं वाचून आज रॅकमागं जाऊन बघितलं, यूपीएसच्या बाजूला केबलचं भोक आहे, थर्माकोल नाही पण जुनं गोणपाट कोंबलंय.

आता एफएम वाला सांगतो नोव्हेक बंद पडलं, कंपनीनंच सोडून दिलं, उद्या रिफिल मिळणार नाही. आणि नोव्हेक वाला म्हणतो एफएमवर सरकार बंदी आणणार. दोघांपैकी कुणाचं खरं धरायचं? लिथियमवर यातलं काय चालतं तेही सांगा कुणीतरी.

---

वसुंधरा_ठाणे:

पर्यावरण सल्लागार म्हणून काम करते, तर या भागाचं मी सांगते.

दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे. आधी थोडं मागचं बघू म्हणजे नीट कळेल. एकेकाळी सगळ्या कॉम्प्युटर रूममध्ये हॅलॉन १३०१ असायचा, ५ टक्क्यांच्या आसपास काम करायचा, माणसाला बऱ्यापैकी सुरक्षित, डाग नाही काही नाही. पण त्यातला ब्रोमीन ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारात तो आला, विकसित देशांनी १९९४ पासून आणि आपल्यासारख्या देशांनी २०१० पासून उत्पादन थांबवलं. त्याच्या जागी एफएम-२०० आला. हा ओझोनला काही करत नाही, पण वातावरणात दशकानुदशकं टिकतो आणि तापवण्याची ताकद सीओटूच्या ३२२० पट, म्हणजे तुमचा ५४ किलोचा एक सिलिंडर चुकून सुटला तर पावणेदोनशे टन सीओटू सोडल्यासारखं झालं. म्हणून असे एचएफसी गॅस कमी करायला त्याच माँट्रियल कराराला २०१६ ची किगाली दुरुस्ती झाली, भारतानं ती २०२१ मध्ये मान्य केली. आपल्याकडं एचएफसीचा वापर २०२८ ला गोठणार आणि २०३२ पासून पायरीपायरीनं कमी होणार, पहिली पायरी १० टक्क्यांची आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात. उद्या सकाळी बंदी येत नाहीये. पण आज बसवलेली सिस्टिम पंधरा-वीस वर्षं चालवायची असते, तर त्या काळात गॅस दुर्मीळ होत जाणार आणि महागणार हे गृहीत धरा.

नोव्हेक हे थ्रीएम कंपनीचं नाव. त्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की पीएफएएस जातीच्या, म्हणजे निसर्गात सहसा न मोडणाऱ्या फ्लोरीनयुक्त रसायनांचं उत्पादन २०२५ च्या अखेरपर्यंत सोडणार, त्यात नोव्हेक आलं. पण एफके-५-१-१२ हे द्रव्य इतर उत्पादक वेगळ्या नावांनी बनवतात, त्यामुळं रिफिल मिळणार नाही हे चूक. फक्त ज्या ब्रँडचं द्रव्य मिळेल त्याला तुमच्या सिलिंडर-नोझलसकट मान्यता आहे का ते कागदावर बघा. हे द्रव्य हवेत आठवड्याभरात उन्हानं मोडतं, तापवण्याची ताकद जवळपास सीओटूइतकीच. मात्र युरोपात पीएफएएसवर सरसकट निर्बंधांची चर्चा चालू आहे, हे लक्षात ठेवा.

दोन्ही कटकटी नको असतील तर नायट्रोजन-आरगॉनकडं वळा. इनर्जेन म्हणजे आयजी-५४१, त्यात ५२ टक्के नायट्रोजन, ४० आरगॉन आणि ८ सीओटू. हवेतलेच गॅस, परत हवेतच जातात, कुठल्याही करारात अडकत नाहीत. ऑक्सिजन साडेबारा टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि तो थोडासा सीओटू श्वास खोल करून माणसाला तारून नेतो, त्यासाठीच तो मिश्रणात घातलाय. तरी पाच मिनिटांच्या आत बाहेर पडायचंच, दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णानं तर लगेच.

---

महापे_नाइटशिफ्ट:

डेटा सेंटर ऑपरेशन्स, नवी मुंबई. ताईंचं सगळं पटलं पण इनर्ट गॅस, म्हणजे हे नायट्रोजन-आरगॉन, घेताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, आवाज. २०० किंवा ३०० बारवरून गॅस सुटतो तेव्हा नोझलपाशी जो कर्कश आवाज होतो त्यानं फिरत्या हार्ड डिस्क मरतात, ११० डेसिबलच्या पुढं गेलं की डिस्कचं हेड ट्रॅकवरून हलतं. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेत नुसतं फायर ड्रिल होतं, आग नाही काही नाही, गॅस सुटला आणि आवाजानं डिस्क गेल्या, एटीएम-कार्ड सगळं तासन् तास बंद. एप्रिल २०१८ मध्ये स्वीडनला डिजिप्लेक्सच्या सेंटरमध्ये तेच झालं आणि नॅसडॅकचे नॉर्डिक शेअर बाजार सकाळभर उघडू शकले नाहीत. तुम्ही बँक आहात म्हणून मुद्दाम बँकेचं उदाहरण दिलं. तुमच्याकडं स्टोरेजमध्ये अजून फिरत्या डिस्क असतील तर सायलेंट नोझल लिहूनच घ्या आणि नोझलचं तोंड रॅकवर नको. सगळं एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेलं स्टोरेज असेल तर हा त्रास नाही. शिवाय इनर्ट गॅसला भिंतीत प्रेशर रिलीफ फ्लॅप लागतोच, नाहीतर तुमचं ते काचेचं पार्टिशन पहिल्या झटक्यात जाईल. आणि सिलिंडरची संख्या जास्त, ते ठेवायला जागा आहे का बघा, पहिल्या मजल्याच्या स्लॅबला वजन पेलतं का तेही.

माझ्या अनुभवात आगीपेक्षा चुकून गॅस सुटण्याचाच घोर जास्त. झुरळांची फवारणी करणारा येतो, धुराचं मशीन लावतो, डिटेक्टरला कुठं कळतंय की ही आग नाही. एसीवाला तांब्याच्या पाइपला ब्रेझिंग करतो. रंगवाला पीओपी घासतो आणि पांढरी धूळ सीलिंगमध्ये जाते. म्हणून क्रॉस झोनिंग पाहिजेच, दोन वेगळ्या झोनचे डिटेक्टर बोलले तरच गॅस, एकानं बोललं तर फक्त बेल. दुसरा बोलला की हूटर, दिवा, आणि ३० सेकंद उलटी मोजणी, त्यात माणसं बाहेर, बाहेरची हवा आणणारा डँपर बंद, आणि रॅकची वीज बंद. वीज बंद करायला लोक घाबरतात, पण स्पार्क चालू राहिला तर गॅस विरल्यावर परत पेटतं, मग त्या गॅसचा काय उपयोग झाला.

गॅस सुटणं रोखणारा अबॉर्ट स्विच दाराजवळ आतल्या बाजूला, आणि तो दाबून धरायचा असतो, सोडला की मोजणी पुन्हा चालू. हे आमच्याकडं नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हातानं करायला लावतात, पॅनेल टेस्टवर टाकून. मोजणी चालू झाल्यावर तीस सेकंदांत सूचना वाचत कुणी बसत नाही.

---

जुने_दप्तर:

एका संग्रहालयाच्या अभिलेखागारात काम करते. रेकॉर्ड रूमबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, कारण कागदाची आग सर्व्हरच्या आगीसारखी नसते.

गॅस वरची ज्वाळा विझवतो. पण कागद गठ्ठ्यात असतो, आमच्याकडं रुमालात आवळून बांधलेली दप्तरं असतात, तुमच्याकडं सुतळीनं बांधलेल्या फायली असतील. आतून धुमसत राहतं, बाहेरून काही दिसत नाही, आणि दार उघडून ताजी हवा आत आली की परत भडकतं. दहा मिनिटांचा गॅस तिथं पुरत नाही. कागदासाठी सीओटू वापरला तर ६५ टक्के धरतात ते याचसाठी, पण त्या खोलीत फाइल शोधायला कारकून जातातच, तर सीओटूचं नाव काढू नका. एफएम किंवा एफकेपासून ज्वाळेवर जो हायड्रोजन फ्लोराइड होतो तो आम्ल आहे आणि जुन्या कागदाला आम्ल म्हणजे मरणच, म्हणून आमच्या क्षेत्रात इनर्ट गॅसला पसंती असते, जास्त वेळ टिकेल असा हिशोब करून. कमी खर्चात करायचं तर मी म्हणेन आधी गहाणखतं स्टीलच्या बंद कपाटात न्या, खोलीतली जुनी वायरिंग काढा, लवकर कळणारा डिटेक्टर लावा, सगळं स्कॅन करून दुसऱ्या गावी ठेवा. २१ जून २०१२ ला मंत्रालयात आग लागली तेव्हा किती फायली गेल्या ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय.

आणि तो एरोसोलचा डबा, कृपा करून माणसांच्या खोलीत नको. त्यातून गॅस नाही, अतिबारीक पावडरीचा गरम धूर निघतो, क्षणात समोरचा हात दिसत नाही, आणि बोर्डांवर थर बसतो. मार्च २०१६ मध्ये बँकॉकला सियाम कमर्शियल बँकेच्या मुख्यालयात, तळघरात कागदपत्रं ठेवायच्या जागी, आगीच्या यंत्रणेचंच काम चालू असताना एरोसोल सुटला आणि आठ माणसं गेली. आग लागलेलीच नव्हती. तीही बँकच होती, म्हणून तुमच्या मंडळापुढं हे जरूर ठेवा.

---

पाइपवाला_पुणे:

दप्तर ताई, फार मोलाचं लिहिलंत, रेकॉर्ड रूमला मीही तुमच्याच मताचा.

लिथियमचं राहिलं. सरळ सांगतो, यातला कुठलाही गॅस लिथियम बॅटरीचं आतलं तापणं थांबवत नाही. सेल आतून तापायला लागला की उष्णता त्याच्याच रसायनातून येते, एक सेल शेजारच्याला पेटवतो, गॅस फक्त बाहेरची ज्वाळा काही काळ दाबतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये कोरियात पांग्योच्या डेटा सेंटरला बॅटरी रूममध्ये आग लागली, गॅस सुटूनही आग हटली नाही, शेवटी वीज तोडून पाणी मारावं लागलं आणि काकाओ या तिथल्या मेसेजिंग कंपनीची सेवा आख्ख्या देशात दिवसचे दिवस विस्कळीत राहिली. तिथं गॅस नको असं नाही म्हणत, केबलची आग लागली तर उपयोग होईल. पण बॅटरीचा खरा इलाज थंड करणं, म्हणजे पाणी, आणि दोन खोल्यांमधली भिंत दोन तास आग अडवणारी. म्हणून ते गोणपाटाचं भोक आधी बुजवा, आगरोधक सीलंटनं, गॅसची ऑर्डर जायच्याही आधी. शक्य असेल तर लिथियम बाहेरच्या भिंतीच्या खोलीत न्या, जिथं धूर बाहेर काढता येईल.

तुमच्या सर्व्हर रूमला मी एफके-५-१-१२ घेईन. सांगली-कोल्हापुरात सर्व्हिस देणारा जवळचा माणूस फक्त एफएमचा असेल तर एफएमही चालेल, तो वाईट गॅस नाही, पण मग हवेतलं गॅसचं प्रमाण ९ टक्क्यांच्या वर कुठल्याही तापमानाला जात नाही हे डिझाइन शीटवर लिहून घ्या. एसी बंद पडून खोली ३५ अंशांवर गेली की तोच गॅस जास्त फुगतो आणि टक्केवारी वाढते.

---

कृष्णाकाठ_सांगली:

मंडळापुढं काय मांडायचं ते आता स्पष्ट झालं. सीओटू आणि एरोसोल दोन्ही कोटेशनं बाजूला काढतोय, सर्व्हरला एफके, रेकॉर्डला कपाटं आणि डिटेक्टर आधी. शेवटचं एक, बसवल्यावर देखभालीत काय बघायचं आणि कायद्यानं काय लागतं? आणि आमच्या दाराला बोटाचा ठसा लावून उघडायचं लॉक आहे, त्याचं काय?

---

वर्दीतले_दिवस:

अग्निशमन सेवेतून निवृत्त. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम आहे, त्याखाली लायसन्स असलेल्या एजन्सीकडूनच काम करून घ्या, बसवल्यावर ती फॉर्म ए देईल आणि नंतर दर जानेवारी आणि जुलैला यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी. तो सहीशिक्क्याचा कागद म्हणून घेऊ नका, एजन्सीचा माणूस खोलीत आला, सिलिंडर उतरवला, वजन केलं, हे तुमच्या माणसानं डोळ्यांनी बघून रजिस्टरला लिहावं. सिलिंडरला पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची मान्यता हवी, त्यांचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे. डिझाइन आयएस १५४९३ या भारतीय मानकाप्रमाणं आहे असं लिहून घ्या.

वजनाचा आग्रह एवढ्यासाठी की सिलिंडरवरच्या गेजच्या काट्यावर विश्वास ठेवता येत नाही. एफएम आणि एफकेच्या सिलिंडरमध्ये वर नायट्रोजन भरून दाब दिलेला असतो, गेज तो दाब दाखवतो, आत द्रव्य किती आहे ते नाही. काटा हिरव्यात दिसतो आणि लोक निर्धास्त होतात. सहा महिन्यांनी वजन, ५ टक्क्यांहून जास्त घट किंवा तापमान धरून दाबात १० टक्क्यांहून जास्त घट निघाली की रिफिल. आणि दरवर्षी खोलीचा गळतीचा भाग पुन्हा बघा, कारण वर्षभरात कुणी ना कुणी नवीन केबल टाकायला भिंत फोडलेली असते.

खोलीत काहीही काम काढलं की आधी सिलिंडरचा सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या सिग्नलनं गॅस सोडणारा भाग, काढून ठेवायचा, किंवा लॉक-ऑफ व्हॉल्व्ह असेल तर तो बंद करून किल्ली खिशात. पॅनेलवर नुसतं बटण दाबून 'आयसोलेट' करणं पुरेसं नाही. जुलै १९९८ मध्ये अमेरिकेत आयडाहोच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत विजेच्या कामासाठी सीओटू पॅनेलवरून बंद ठेवला होता, ब्रेकर पाडताना तो अलार्म न वाजता सुटला आणि एक कामगार गेला, बाकीचे कसेबसे वाचले.

दाराचं: ठशाचं लॉक आगीच्या सिग्नलला आणि वीज गेल्यावर आपोआप सुटणारं हवं, पॅनेलशी जोडून घ्या. आतून बाहेर पडायला ठसा लागताच कामा नये, ढकललं की उघडलं पाहिजे. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि सोडल्यावर स्वतः बंद होणारं, खाली ब्रशची सील. बाहेर दारावर गॅस सुटल्याचा दिवा, आणि मराठीत पाटी की दिवा लागलेला असताना आत जाऊ नये. गॅस सुटलाच तर ब्रिगेडची माणसं ब्रीदिंग सेट घालून आत जाऊन बघेपर्यंत कुणीही मोबाइल राहिला म्हणून परत आत शिरायचं नाही, नंतर खालच्या बाजूनं हवा ओढणारा पंखा लावून खोली मोकळी करायची. तो एक्झॉस्ट पंखा कोटेशनात नसतो बहुतेक, वेगळा मागून घ्या, आणि शेवटचा हप्ता डोअर फॅन टेस्टचा पास रिपोर्ट हातात आल्यावरच सोडा.